ऑपरेशनचं एस्टिमेट कसं वाचायचं? खासगी रुग्णालयांचं बिल आणि मिळणारा दर्जा

लेखाजोखा
"अमुक ऑपरेशनला किती खर्च येतो?" असा धागा इथे सारखा निघतो आणि खाली पन्नास हजारांपासून साडेतीन लाखांपर्यंत आकडे पडतात. सगळे खरे असू शकतात, म्हणून कोणाच्याच कामाचे नसतात. त्यापेक्षा महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयात बिल बनतं कसं, ते मांडतो. फक्त आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनबद्दल. इमर्जन्सीचं गणित वेगळं.

एस्टिमेटवर सगळ्यात आधी खोलीचा वर्ग बघा. जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. लोकांना वाटतं की फरक फक्त खोलीभाड्याचा. तसं नसतं. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सर्जनची फी, डॉक्टरांची व्हिजिट, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस, कित्येकदा तपासण्यासुद्धा खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात. भूलतज्ज्ञाची फी बहुधा सर्जनच्या फीच्या तीस टक्क्यांच्या आसपास, असिस्टंटची त्याहून कमी, आणि ओटी चार्ज काही ठिकाणी सर्जनच्या फीवरच टक्क्याने. म्हणजे एक आकडा हलला की चार आकडे हलतात. ओटी तीच, टेबल तेच, सर्जनचे हात तेच. जनरल वॉर्डचं एस्टिमेट मागून घ्या आणि सिंगलचं त्याच्या शेजारी ठेवा, मग बोलू.

दुसरं, पॅकेज. 'पॅकेज ९५,०००' असं लिहिलेलं असतं, त्यात काय नाही हे पाठीमागे बारीक अक्षरात असतं. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचं उदाहरण घ्या. काढलेलं पित्ताशय तपासणीला जातं, त्या बायोप्सीचे पैसे पॅकेजबाहेर. ऑपरेशनपूर्व तपासण्या बाहेर. फिटनेससाठी आलेल्या फिजिशियनची व्हिजिट बाहेर. ठरलेल्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्त राहिलं तर तो बाहेर. दुर्बिणीने जमलं नाही आणि पोट उघडावं लागलं तर पॅकेजच रद्द आणि ओपन बिलिंग सुरू, म्हणजे लागेल त्याचे सुटे पैसे. शेवटचं कलम जवळजवळ कोणी विचारत नाही. विचारा, आणि उत्तर एस्टिमेटवरच लिहून घ्या.

सदाफुली
छान धागा. पण विमा असेल तर खोलीचं एवढं टेन्शन कशाला? पॉलिसीत रोजचे पाच हजार बसतात, खोली आठची घेतली तर वरचे तीन हजार आपण भरायचे. एवढंच ना?

क्लेमकारकून
सदाफुली ताई, नेमकी हीच समजूत डिस्चार्जच्या दिवशी महागात पडते. गणितच करून दाखवतो.

विमा ५ लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ५,०००. खोली घेतली ८,०००ची, मुक्काम चार दिवस.

खोली ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट मिळून १,१७,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ९०,०००. एकूण २,३९,०००.

तुमच्या हिशेबाने खिशातून जायला हवेत १२,०००. पण कंपनी म्हणते, तुमचा हक्क ५ चा आणि तुम्ही घेतली ८ ची, तर खोलीशी निगडित खर्चही ५/८ एवढाच देणार. म्हणजे १,१७,००० मधले ४३,८७५ कापले. अधिक खोलीचे १२,०००. तुमच्या खिशातून ५५,८७५. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात.

आता यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा, कारण कापणारे कधीकधी जास्त कापतात. एक, विमा नियामकाच्या २०२०च्या नियमांनंतर औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट आणि तपासण्यांवर हे प्रमाण लावता येत नाही. वरच्या उदाहरणात ९०,०००ला हात लागला नाही तो म्हणूनच. दोन, आयसीयू चार्जेसवर लावता येत नाही. तीन, ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे मुळात लावता येत नाही. बरीच छोटी रुग्णालयं अशी असतात. तिथे बिलिंगमधून 'आमच्याकडे सर्व वर्गांना एकच दर' असं लेटरहेडवर घ्या आणि क्लेमला जोडा.

वर जीएसटी. रोज ५,०००च्या वर भाडं असलेल्या, आयसीयू नसलेल्या खोलीच्या भाड्यावर जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतो. भाडं ५,००० ठेवलं तर शून्य, ५,१०० केलं तर पूर्ण ५,१०० वर.

सदाफुली
बाप रे. पॉलिसी शोधते.

औषधी_विद्या
आता बिलाच्या सगळ्यात जाड भागाकडे येऊ. फार्मसी आणि कन्झ्युमेबल्स. २०१८ मध्ये औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा खरेदीच्या भावावर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा सापडला. आणि छापील किमतीच्या वर विकलं असंही नाही. एमआरपीच तेवढी छापून येते. रुग्णालय घाऊक घेतं, कंपनी एमआरपी वाढवून छापते आणि मधला फरक रुग्णालयाला सुटतो. म्हणून 'आम्ही एमआरपीनेच लावतो' हे वाक्य खरं असतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

प्रत्यक्षात कुठे बघायचं:

ओटीला सामान इंडेंटने, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीने, जातं. टाक्यांचे धागे, आयव्ही सेट, ग्लोव्हज, कॅन्युला, ड्रेप, सगळं लागेल त्यापेक्षा जास्त, कारण ऐन वेळी कमी पडून चालत नाही. ते ठीकच आहे. न वापरलेलं परत गेलं पाहिजे आणि बिलात 'रिटर्न' म्हणून वजा दिसलं पाहिजे. गडबड होते ती इथे. ओटीची सिस्टर शिफ्ट बदलून जाते, रिटर्न दुसऱ्या दिवशी चढतो, तोवर बिल फायनल झालेलं असतं. फार्मसीचं तारीखवार स्टेटमेंट मागा. त्यात एकही रिटर्न नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा काहीतरी राहिलंय.

'किट' या शब्दाशी थांबा. ऑर्थो किट, डिलिव्हरी किट, ॲडमिशन किट. आत काय आहे याचा तपशील नसलेलं किट विम्यात चालत नाही. विम्यात न देण्याच्या गोष्टींच्या यादीत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच यादीत ग्लोव्हज, मास्क, डायपर, ईसीजीचे इलेक्ट्रोड असे ६८ प्रकार आहेत.

स्टेंट. फेब्रुवारी २०१७ मध्ये किमतीवर मर्यादा आली, तेव्हा औषधवेष्टित स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०. आधी औषधवेष्टित स्टेंट लाखाच्या वर जायचे. मर्यादा घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलत राहते, तेव्हा चालू आकडा एनपीपीएच्या संकेतस्थळावर बघा. बिलात स्टेंट वेगळ्या ओळीत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबरसकट लिहिणं बंधनकारक आहे. पण मर्यादा स्टेंटला आहे. बलून, गाईडवायर, गाईडिंग कॅथेटर यांना तशी कमाल किंमत नाही. त्यामुळे अँजिओप्लास्टीच्या बिलात ती ओळ स्टेंटपेक्षा नीट वाचा. गुडघ्याच्या इम्प्लांटला ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा आहे. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी १,५८,३२४ होती ती ५४,७२० वर आली.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात, त्यावर लॉट नंबर आणि साईझ. एक केसपेपरवर लागते, एक तुमच्या डिस्चार्ज कार्डवर लावून घ्या. पुढे सांधा ढिला झाला किंवा कंपनीने माल परत मागवला, तर तेवढाच पुरावा.

टवाळ
म्हणजे ग्लोव्हजची अख्खी पेटी आपण विकत घ्यायची, सर्जनने त्यातली एक जोडी घालायची, आणि उरलेली पेटी पुढच्या पेशंटने परत विकत घ्यायची. चक्रवाढ ग्लोव्हज!

सदाफुली
बाहेरून औषध आणलं तर चालतं का पण? काउंटरवर नाही म्हणतात.

औषधी_विद्या
आतूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२५ मध्ये रुग्णालयातल्या दुकानांना तसा फलक लावायला सांगितलं आहे. सुप्रीम कोर्टाने मात्र मार्च २०२५ च्या निकालात देशभरासाठी आदेश न देता धोरण राज्यांवर सोडलं. व्यवहार्य मार्ग असा: वॉर्डात चालू असलेली इंजेक्शनं बाहेरून आणायचा हट्ट धरू नका. शीतसाखळी, बॅच, जबाबदारी असे खरे प्रश्न त्यात आहेत. महागडं अँटिबायोटिक, अल्ब्युमिन, केमोची औषधं अशी दोन-तीन मोठी नावं असतील तर डॉक्टरांना त्याच मॉलिक्यूलचा (मूळ औषधाचा) स्वस्त ब्रँड लिहायला सांगा. आणि डिस्चार्जची महिन्याभराची औषधं तर बाहेरूनच घ्या. तिथे कोणाचीच हरकत टिकत नाही.

वॉर्डसिस्टर
सगळे पैशांवर आलात, दर्जाचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. महाग म्हणजे चांगलं आणि स्वस्त म्हणजे निष्काळजी, दोन्ही चूक. दर्जा ज्यावर ठरतो ते बिलात छापलेलं नसतं, पण खाटेशेजारी बसून दिसतं.

नर्स किती? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एक नर्स, आयसीयूत बाकीच्यांना दोघांत एक, जनरल वॉर्डात साधारण सहा खाटांमागे एक. आणि हे रात्रीच्या शिफ्टलाही. दिवसा लॉबीत कितीही गणवेश दिसू द्या, रात्री दोन वाजता वॉर्डात किती जणी असतात हे विचारा. 'आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) रात्री इमारतीत असतो का, की फोनवर?' हेही विचारा.

सलाईनची कॅन्युला बघा. पट्टीवर घातल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली हवी. ती जागा लाल, गरम, दुखरी झाली तर लगेच काढायची, 'अजून चालतेय' म्हणून ठेवायची नाही. लघवीची नळी का ठेवली आहे, याचं उत्तर रोज मिळालं पाहिजे. सोयीसाठी राहिलेली नळी म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी, जमिनीवर टेकलेली नको. आणि हँडरबची, म्हणजे हात निर्जंतुक करायच्या द्रवाची, बाटली. ती प्रत्येक खाटेशी आहे का, हे एकदा बघा, मग ती दाबली तर काही येतं का तेही बघा!

आता एक गोष्ट, जिथे दर्जा आणि बिल एकाच धाग्यात आहेत. ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक चिरा देण्यापूर्वी साठ मिनिटांच्या आत जायला हवं. स्वच्छ, नियोजित ऑपरेशनला बहुधा तो एकच डोस पुरतो आणि फार तर चोवीस तासांत थांबवायचा असतो. हर्नियासारख्या ऑपरेशननंतर पाच-पाच दिवस दोन-दोन अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर कारण विचारा. जंतुसंसर्ग असेल, मधुमेह बिघडलेला असेल, तर डॉक्टर सांगतील. 'आमच्याकडे सगळ्यांनाच देतो' हे कारण नव्हे. तेवढ्यासाठी रुग्ण दोन दिवस जास्त राहतो, इंजेक्शनं, सिरिंज, सलाईन, व्हिजिट, खोली सगळं चढतं आणि वर जंतू निर्ढावतात ते निराळंच.

लहान_दवाखाना
वॉर्डसिस्टर ताईंशी सहमत. पण नाण्याची दुसरी बाजू लिहायलाच हवी. पंधरा खाटांचं रुग्णालय चालवायला अग्निशमनाचं ना-हरकत, जैववैद्यकीय कचऱ्याचे मासिक पैसे, लिफ्ट, जनरेटर, ऑक्सिजन, चोवीस तास तीन शिफ्टचा स्टाफ, हे सगळं खाटा रिकाम्या असल्या तरी चालूच. प्रशिक्षित नर्स तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, मिळाल्या तर वर्षभरात शहरात किंवा परदेशी जातात. लोक चारशे रुपये व्हिजिटवर घासाघीस करतात आणि तेच एमआरआय सेंटरला एक शब्द न बोलता पैसे देतात. कामाचे पैसे थेट मागता येत नाहीत, म्हणून ते फार्मसीतून निघतात. हे समर्थन नाही, पण कारण हेच आहे.

आणि एनएबीएचबद्दल, म्हणजे रुग्णालयांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या मंडळाबद्दल: त्याच्या पाट्या बघून भाळू नका. त्यातला 'एंट्री लेव्हल' प्रकार आणि पूर्ण मानांकन यांत बरंच अंतर आहे. विमा कंपन्यांच्या यादीत यायला एंट्री लेव्हल घेतलेली कित्येक रुग्णालयं आहेत.

वॉर्डसिस्टर
डॉक्टर, फार्मसीवाला मुद्दा प्रामाणिक आहे. एनएबीएचबद्दल एवढंच घालते की पूर्ण मानांकन असलं तरी ते पद्धती तपासतं. अमुक रुग्णालयात गुडघा बदलल्यावर किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती जणांना परत ओटीत न्यावं लागलं, हे आकडे रुग्णालयाला आत ठेवावे लागतात, लोकांसमोर मांडावे लागत नाहीत. म्हणून सर्जनलाच विचारा: हे ऑपरेशन वर्षाला किती करता? गुंतागुंत झाली तर आयसीयू इथेच की ॲम्ब्युलन्सने दुसरीकडे? पित्ताशयाला हा प्रश्न दुय्यम, पण अन्ननलिका, स्वादुपिंड असलं काही असेल तर तोच पहिला.

दुबईकर
वडील पुण्यात आहेत, इथून पॉलिसी घेतली आहे. कॅशलेस म्हणतात, पण डिस्चार्जला अख्खा दिवस जातो असं सगळीकडे ऐकतो. नियम तीन तासांचा आहे ना?

क्लेमकारकून
दुबईकर साहेब, नियम आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. मेख अशी की तीन तास मोजायचे ते रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून. राउंडला डॉक्टर सकाळी दहाला 'आज घरी' म्हणाले, तिथून नव्हे. मधे काय घडतं बघा: डिस्चार्ज समरी टाईप होते, कन्सल्टंट ओटीतून येऊन सही करतो, वॉर्ड फार्मसीचे रिटर्न पाठवतो, लॅबचे रिपोर्ट जमतात, बिलिंग फायनल करतं, टीपीए डेस्क (रुग्णालयातला विम्याचं काम बघणारा काउंटर) अपलोड करतो. दुपारचे तीन वाजतात. मग कंपनी एक क्वेरी टाकते, 'इन्डोअर केसपेपर पाठवा', आणि संध्याकाळ.

उपाय आदल्या संध्याकाळी करायचा. उद्या डिस्चार्ज नक्की आहे का, ते विचारा. समरीचा मसुदा तेव्हाच तयार करून घ्या आणि वाचा. त्यात 'आजार किती दिवसांपासून' हा रकाना सगळ्यात नाजूक. घाईत ज्युनिअर डॉक्टरने 'मधुमेह १० वर्षे' लिहिलं आणि तो चारच वर्षांचा असेल, तर क्लेम पॉलिसीपूर्व आजाराच्या चौकशीत अडकतो. खरं असेल तेच लिहिलेलं हवं, अंदाज नको. दुपारी टीपीए डेस्कवर 'कागद किती वाजता अपलोड झाले' ते विचारून स्क्रीनचा फोटो घ्या. आणि वडिलांच्या पॉलिसीत को-पे, म्हणजे क्लेममधला आपण भरायचा ठरलेला हिस्सा, आहे का ते बघा. ज्येष्ठांच्या पॉलिसींत २० टक्के सहज असतो, आणि तो खोलीची मर्यादा पाळली तरी जातोच.

धर्मादाय_खाट
विमा नसलेल्यांसाठी लिहितो, कारण धागा आतापर्यंत विमावाल्यांचाच झाला.

धर्मादाय रुग्णालयं राज्यात चारशेहून जास्त आहेत आणि त्यांत काचेच्या इमारतींची बडी नावंही येतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ अअ आणि हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत निर्धन, ३,६०,००० पर्यंत दुर्बल. निर्धनांना उपचार मोफत. दुर्बलांना सवलत, म्हणजे औषधं, साहित्य, इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदीदराने धरायचं आणि त्यातले निदान निम्मे रुग्णाने भरायचे. यासाठी बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. कागद: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड. भेटायचं ते वैद्यकीय समाजसेवकाला, बिलिंग काउंटरला नाही. आणि ॲडमिशनच्या आधी किंवा त्याच दिवशी. बिल निघाल्यावर गेलात तर अर्ज 'विचाराधीन' राहतो. इमर्जन्सीत या रुग्णालयांना डिपॉझिट मागता येत नाही. रुग्ण स्थिर होईपर्यंत उपचार करावेच लागतात.

महात्मा फुले योजना जुलै २०२४ पासून सगळ्या रेशन कार्डांना आहे, पांढऱ्यासकट, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. पण 'रुग्णालय योजनेत आहे' आणि 'हे ऑपरेशन या रुग्णालयात योजनेत आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. मान्यता विभागवार असते. त्याच इमारतीत हृदयविकार असेल आणि ऑर्थो नसेल. आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) आधी विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. मंजुरीनंतर 'वरचे दहा हजार द्या' म्हणाले तर ते बेकायदा. पावती मागा, बहुतेकदा मागणीच मागे जाते.

लहान_दवाखाना
योजनेचे दर खर्चाला पुरत नाहीत आणि पैसे उशिरा येतात, वरचे मागितले जातात ते त्यामुळे. मागणं चूकच, पण दर परवडतील असे केले नाहीत तर चांगली रुग्णालयं बाहेर पडतात आणि उरतात ती कशी असतात ते सांगायला नको.

कणकवलीकर
आमच्याकडची अडचण वेगळी. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण कोल्हापूरपेक्षा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, आधी पोचतो, पण तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क आहे. तेव्हा रेशन कार्ड आणि आधार गाडीत ठेवूनच निघायचं. आणि साध्या गोष्टींसाठी जिल्हा रुग्णालय विसरू नका. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, उपचार मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजं त्यात नाहीत, हे लक्षात ठेवा.

टवाळ
सरकार एकदाच दर ठरवून का टाकत नाही? कोविडमध्ये केले होते की.

लेखाजोखा
केले होते. २१ मे २०२० च्या अधिसूचनेत ८० टक्के खाटांसाठी वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रोज. मग झालं काय, तर जे जे दरात नव्हतं ते फुगलं. पीपीई किट, महागडी औषधं, सीटी, खास तपासण्या. ऑडिटर बसवल्यावर काही पैसे परत मिळाले, जिथे ऑडिटर नव्हता तिथे फार नाही. स्टेंटनंतर बलूनचं झालं तेच. एका ओळीवर झाकण ठेवलं की पैसा शेजारच्या ओळीतून येतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम कायदा आणि त्याचे २०२१ चे नियम. त्या नियमांत दर किती असावा हे नाही, पण दर्शनी भागात दरपत्रक लावा हे आहे: खोली, आयसीयू, व्हिजिट, भूल, ओटी, नर्सिंग, ऑक्सिजन वगैरे. तो फलक शोधा, फोटो काढा. बिलातला दर त्याहून जास्त निघाला तर वाद तिथेच संपतो.

सदाफुली
आणि नाही संपला तर? तक्रार कुठे?

धर्मादाय_खाट
कशाची आहे त्यावर.

फलक नाही, दर जास्त, मृतदेह अडवला: महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. थकीत बिलापोटी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, २०२१ च्या नियमांतच आहे. छापील किमतीच्या वर औषध: एफडीए. धर्मादाय खाट नाकारली: धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. क्लेम कापला: आधी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आपल्या भागाचा विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. उपचारात हयगय: ग्राहक आयोग किंवा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं, नुसतं 'बिल जास्त आलं' पुरत नाही.

सगळ्यांना लागणारा कागद एकच, इन्डोअर केसपेपरची प्रत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते. डिस्चार्ज समरी म्हणजे केसपेपर नव्हे. नर्सिंग चार्ट, ओटी नोट्स, भुलीची नोंद, औषधांचा चार्ट, हे नावं घालून मागा.

औषधी_विद्या
तो औषधांचा चार्ट मिळाला की फार्मसीच्या स्टेटमेंटशेजारी ठेवा. चार्टवर इंजेक्शन दिल्याच्या सह्या अकरा आणि बिलात व्हायल चौदा, तर तीन व्हायलचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. एखादी फुटली, एखादा डोस बदलला, असं होऊ शकतं, पण त्याचीही नोंद असते. ही जुळणी बिल भरण्याआधी करा. नंतर ते पैसे परत मिळवायला तीन खेपा होतात.

सदाफुली
स्टेटमेंट तारीखवार मागायचं की औषधवार?

औषधी_विद्या
तारीखवार. औषधवार दिलं तर रिटर्न एकूण संख्येत मिसळून जातात, दिसत नाहीत.